वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाच्या आणि नोंदणीच्या अटी : एक ऐतिहासिक आढावा

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा हे तहसिलीचे गाव आहे. रेल्वेने जाणाऱ्यांना ते भिटोनी स्टेशनमुळे माहीत असते. (दिंडोरी जिल्ह्यात याच नावाचे दुसरे गाव आहे, ते वेगळे.) समजा, १९४० च्या सुमारास या गावातल्या एका मुलाने मॅट्रिक पास केली आणि त्याला डॉक्टर व्हायचे होते. त्याने कुठे जायचे? जबलपुरात वैद्यकीय कॉलेज नव्हते. ते १९५५ साली निघाले. शहपुरा तेव्हा सी.पी. अँड बेरार या प्रांतात होते आणि या प्रांताची राजधानी नागपूर. नागपुरात १९१४ पासून रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते, पण ते 'स्कूल' होते, 'कॉलेज' नव्हते. तिथून पदवी मिळत नसे, एल.एम.पी. हा परवाना मिळत असे. पदवी हवी तर प्रांताबाहेर मुंबई, कलकत्ता किंवा लखनौ गाठावे लागे.

स्कूल आणि कॉलेज यांतला हा फरक आज किरकोळ वाटेल. त्या मुलाचे पुढचे सगळे आयुष्य त्यावर ठरत होते. तो फरक समजण्यासाठी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला प्रश्न, वैद्यकीय शिक्षण सुरू कोण करू शकतो? दुसरा, ते पूर्ण केल्यावर डॉक्टर म्हणून कोणाचे नाव नोंदले जाते? पहिली प्रवेशाची अट, दुसरी नोंदणीची. परीक्षेत विद्यार्थी या दोन्हींची गल्लत करतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

सुरुवातीची अट : भाषा

मुंबईत १८२६ साली सरकारने एक नेटिव्ह मेडिकल स्कूल काढले. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते. शिक्षण देशी भाषांतून होते आणि त्यासाठी मराठीत पुस्तकेही तयार करण्यात आली. ही शाळा १८३२ मध्ये बंद झाली. त्यानंतर १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा माध्यम इंग्रजी झाले होते. म्हणजे प्रवेशाची खरी अट इंग्रजी येणे ही झाली. शरीरशास्त्र किंवा रसायनशास्त्र आधी शिकलेले असावे अशी अपेक्षा नव्हती, कारण ते शिकवणाऱ्या शाळाच नव्हत्या. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे होते. त्यांच्या नावापुढे जी.जी.एम.सी. ही अक्षरे लागत. ती विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्यानंतर मॅट्रिक ही वैद्यकीय शिक्षणाची पहिली पायरी बनली आणि शिक्षणाच्या शेवटी एल.एम.अँड एस. मिळू लागली. पुढे तिची जागा एम.बी.बी.एस.ने घेतली.

गोव्यात वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती. तिथल्या पदवीधराला पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर तिथे पुन्हा परीक्षा द्यावी लागे. शिक्षण एकच, पण सरहद्द ओलांडली की ते अपुरे ठरे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

इंग्लंडची पद्धत : विद्यार्थ्याचीही नोंदणी

ब्रिटिश संसदेने १८५८ मध्ये मेडिकल अॅक्ट केला आणि जनरल मेडिकल कौन्सिल अस्तित्वात आले. कोण पात्र डॉक्टर आणि कोण नाही हे लोकांना कळावे म्हणून डॉक्टरांची एक यादी ठेवणे हे त्याचे काम. कौन्सिलने पुढे विद्यार्थ्यांचीही नोंदवही ठेवली. विद्यार्थ्याने आधी सामान्य शिक्षणाची परीक्षा उत्तीर्ण व्हायची, मग नाव नोंदवायचे, आणि त्या नोंदणीपासून त्याचे वैद्यकीय शिक्षण मोजले जायचे. १८९२ पासून अभ्यासक्रम पाच वर्षांचा झाला. ही पाच वर्षे नोंदणीच्या तारखेपासून धरत. त्याआधी केलेला अभ्यास सहसा हिशेबात येत नसे.

सामान्य शिक्षणाच्या परीक्षेत इंग्रजी, गणित आणि लॅटिन हे विषय होते, आणि त्यांच्या जोडीला आणखी एक. हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्याला लॅटिन कुठून येणार? त्यासाठी एक सवलत होती. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा पौर्वात्य विद्यार्थ्यांना लॅटिनऐवजी एखादी अभिजात पौर्वात्य भाषा देता येत असे. थोडक्यात, आपल्या मुलाचे संस्कृत किंवा फारसी तिथे चाले. अट मोडायची नाही, पण तिच्या जागी दुसरे काही घ्यायचे, असा हा व्यवहार होता.

दोन मराठी स्त्रिया

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज करतात, तेव्हा प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकणार नाही हे त्या स्वतःच अर्जात मान्य करतात. कॉलेजने त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक केली. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदाच तेव्हा नव्हता. म्हणून परदेशी पदवीची नोंद कुठे करायची हा प्रश्न उद्भवला नाही. आनंदीबाईंना काम सुरू करता आले नाही, कारण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले.

रखमाबाईंचा मार्ग निराळा होता. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत दाखल झाल्या. इथे वर सांगितलेली ब्रिटिश पद्धत लागू होती. १८९४ मध्ये त्यांनी आपले शिक्षण पूर्ण केले, ब्रुसेल्सची एम.डी. घेतली, आणि परत येऊन सुरतेला रुग्णालयात रुजू झाल्या. आनंदीबाईंच्या बाबतीत निर्णय कॉलेजच्या हाती होता. रखमाबाईंच्या बाबतीत कॉलेजच्या वर एक कौन्सिल होते. 'प्रवेशाचे नियमन' म्हणजे काय ते या फरकातून चांगले समजते.

हिंदुस्थानात नोंदणी

मुंबईने १९१२ मध्ये आपला मेडिकल अॅक्ट केला आणि पुढच्या काही वर्षांत मद्रास, बंगाल, मध्य प्रांत वगैरे ठिकाणी तसेच कायदे झाले. या कायद्यांनी नोंदणी नसलेल्याला वैद्यकी करण्यास बंदी घातली असा एक गैरसमज आहे. बंदी नव्हती. नोंदणीकृत डॉक्टरला मात्र सरकारी नोकरी मिळे आणि त्याचे दाखले कायद्याने ग्राह्य धरले जात. १९१६ च्या इंडियन मेडिकल डिग्रीज अॅक्टने पाश्चात्य वैद्यकाच्या पदव्या कोणीही उठून देऊ नयेत अशी व्यवस्था केली.

शहपुऱ्याच्या मुलासमोरचे दोन रस्ते याच काळात पक्के झाले. स्कूलचा रस्ता साधारणपणे असा : मॅट्रिक, चार वर्षे, मग परवाना. मध्य प्रांतात तो एल.एम.पी. होता. मुंबई इलाख्यात, उदाहरणार्थ पुण्याच्या बी.जे. मेडिकल स्कूलमध्ये, शिकलेल्यांना १९१२ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. मिळे. जुन्या मराठी घरांच्या दारांवर ही अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. कॉलेजचा रस्ता लांबचा होता : इंटर सायन्स, मग पाच वर्षे, मग विद्यापीठाची पदवी. खर्चही जास्त. दोघेही नोंदणीकृत, दोघेही रोगी तपासणार. पण बढती, मान आणि परदेशी शिक्षण यांचा विषय निघाला की परवानावाला मागे राहायचा.

१९३० चा धक्का

हिंदी विद्यापीठांच्या पदव्या ब्रिटिश कौन्सिल मान्य करत असे. पहिल्या महायुद्धानंतर कौन्सिलने इथल्या शिक्षणाची, विशेषतः प्रसूतिशास्त्राच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची, तपासणी सुरू केली. तपासनीस कोणी नेमायचा यावरून वाद वाढला आणि १९३० मध्ये कौन्सिलने ही मान्यता काढून घेतली. त्यानंतर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या पदवीच्या आधारावर ब्रिटनमध्ये नोंदणी मिळेना. प्रवेश घेताना असलेला हक्क पदवी मिळेपर्यंत राहिला नाही, आणि यात त्या विद्यार्थ्याची चूक काहीच नव्हती.

आपल्या पदव्यांचा दर्जा आपणच ठरवायचा, या विचाराला यामुळे जोर आला. १९३३ च्या कायद्याने मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाले. पण या कायद्याने विद्यापीठाच्या पदव्यांचाच विचार केला. परवानाधारकांना बाहेर ठेवले आणि त्यांच्या संघटनेने याला विरोध केला. तो स्वाभाविक होता. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातले आकडे पाहा : देशात नोंदणीकृत डॉक्टर ४७,५२४, त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि परवानाधारक २९,८७०. दर पाच डॉक्टरांपैकी तीन परवानाधारक होते. खेड्यांत आणि तहसिलीच्या गावांत जो डॉक्टर भेटे, तो बहुधा यांच्यातलाच. शिक्षणाचा दर्जा वाढवण्याचा हेतू चांगला होता, पण ज्यांच्या जोरावर आरोग्यव्यवस्था चालली होती त्यांनाच नव्या कौन्सिलने मोजले नाही, हे माझ्या मते त्या कायद्यातले मोठे वैगुण्य आहे.

भोर समितीच्या बहुमताने परवान्याचा अभ्यासक्रम बंद करून सर्वांसाठी एकच पदवी ठेवावी असे सुचवले. स्कूले बंद झाली किंवा कॉलेजे झाली. पुण्याचे बी.जे. १९४६ मध्ये कॉलेज झाले. नागपुरात १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज उघडले. १९५६ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल अॅक्टने अखिल भारतीय नोंदवही आणली आणि तिसऱ्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात जुन्या परवान्यांना जागा दिली. आपल्या १९४० च्या विद्यार्थ्याचे नाव देशपातळीवरच्या वहीत यायला असा वेळ लागला. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर व जबलपूर दोन वेगळ्या राज्यांत गेले.

आजच्या अटी कशा वाचाव्यात

१९९७ च्या नियमांनी एम.बी.बी.एस.साठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण असणे आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून किमान ५० टक्के गुण (अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० टक्के) या अटी घातल्या. लॅटिन किंवा संस्कृतची जागा जीवशास्त्राने घेतली होती. नीट २०१३ मध्ये पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१६ पासून ती पुन्हा आली. सप्टेंबर २०२० पासून जुन्या कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग काम करतो.

परदेशात शिकायला जाणाऱ्यांनी २०१८ पासूनची एक अट लक्षात घ्यावी. नीट उत्तीर्ण न होता परदेशी कॉलेजात प्रवेश घेतला, तर तिथली पदवी कितीही चांगली असली तरी भारतात नोंदणी अडते. १८९२ मध्ये लंडनच्या विद्यार्थ्याला नाव नोंदवण्याआधीचा अभ्यास मोजून मिळत नव्हता, तोच हा प्रकार आहे. म्हणून माहितीपत्रक हातात आले की फी आणि वसतिगृह पाहण्याआधी दोन गोष्टी शोधाव्यात : या संस्थेत प्रवेश घेण्यास मी आज पात्र आहे का, आणि तिच्या पदवीवर मला कोणत्या नोंदवहीत नाव लावता येईल.

सरावासाठी प्रश्न

१९१२ च्या मुंबई कायद्याने नोंदणी नसलेल्यांच्या व्यवसायावर बंदी घातली का? तुमचे उत्तर कारणासह लिहा. आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई यांच्या प्रवेशातील फरक प्रवेशाचे नियमन कोणाच्या हाती होते या दृष्टीने स्पष्ट करा. तुमच्या जिल्ह्यातील जुन्या डॉक्टरांच्या पाट्यांवर एल.एम.पी. किंवा एल.सी.पी.एस. आढळल्यास त्यांचे शिक्षण कुठे झाले याची घरच्या वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा.