जुनी लहान मोटार घेतांना

मोहोळ हें पुणें-सोलापूर हमरस्त्यावरचें तालुक्याचें गांव. येथून सोलापूर सुमारें ३५ किलोमीटर, आणि पंढरपूरही थोड्याफार फरकानें तितकेंच दूर. आगगाडीचें स्टेशन आहे, एस. टी. आहे, तरीपण मोहोळास बिऱ्हाड ठेवून सोलापुरास नोकरीसाठीं जाणाऱ्या, किंवा घरांतील वृद्धांना वरचेवर दवाखान्यांत न्यावें लागणाऱ्या कुटुंबांत लहानशा मोटारीचा विषय निघतोच. नवी गाडी आवांक्याबाहेर म्हणून जुनी घ्यावयाची, आणि ती पेट्रोल थोडें खाणारी असावी, एवढें सर्वांना मान्य असतें. मतभेद सुरू होतो तो त्यापुढें.

मोटारीचा आणि या जिल्ह्याचा ऋणानुबंध जुना आहे. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी फियाट, जी पुढें पद्मिनी या नांवानें ओळखली गेली, ती कित्येक वर्षें मध्यम स्थितीच्या माणसाची गाडी होती. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली आणि लहान गाडी म्हणजे थोडें पेट्रोल हें समीकरण घरोघर रूढ झालें. तिचें उत्पादन २०१४ च्या जानेवारींत बंद पडलें. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे तिच्यांतील अगदीं शेवटच्या गाडीचीही मुदत २०२९ च्या सुमारास संपणार. त्यानंतर तपासणी करून दर पांच वर्षांनीं नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ज्यांना जुन्या आठवणी जपावयाच्या असतील त्यांनीं ती खुशाल घ्यावी, रोजच्या जाण्यायेण्यासाठीं मात्र घेऊं नये.

पेट्रोलाचा हिशेब पुष्कळ लोक तोंडानें करतात, कागदावर करीत नाहींत. मोहोळाहून रोज सोलापूर गांठणाऱ्याचे महिन्याचे २५ दिवस धरले तर १,७५० किलोमीटर होतात. लिटरला २० किलोमीटर जाणाऱ्या गाडीस त्यासाठीं साडेसत्त्याऐंशी लिटर लागतील. १५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीस सुमारें ११७. पेट्रोलचा भाव १०५ रुपये धरला, तर हा फरक वर्षाकांठीं छत्तीस हजार रुपयांहून अधिक होतो. अशा माणसानें ‘ॲव्हरेज’ कसोशीनें पाहणें योग्यच आहे. परंतु ज्याची गाडी महिन्यांत ३०० किलोमीटरच फिरते, त्याचे याच फरकानें वांचतात अवघे सव्वापांचशें रुपये. त्यानें त्या पायीं गाडीला पन्नास हजार अधिक मोजले, तर ते फिटावयास आठ वर्षें लागतील! त्यानें आंकडा सोडून गाडीची प्रकृति पाहावी.

शिवाय कंपन्या जो आंकडा सांगतात तो ठराविक चाचणीचा, यंत्राच्या रुळांवर गाडी चालवून काढलेला असतो. रस्त्यावर तो उतरत नाहीं. खरें प्रमाण काढण्याची रीत साधी आहे. टाकी कांठोकांठ भरावी, नेहमीच्या रस्त्यानें दोन-तीनशें किलोमीटर जावें, पुन्हां त्याच पंपावर टाकी तशीच भरावी आणि भागाकार करावा. विकणारा ओळखीचा असेल तर त्याला हें करूं देण्यास हरकत नसावी. त्याची हरकत असली तर तिचें कारण विचारावें.

या हिशेबांत आणखी एक गोष्ट शिरली आहे, आणि तिचा उगम याच भागांतल्या पिकाशीं जुळतो. उसापासून, त्याचप्रमाणें धान्यापासून, होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळलें जातें व २०२५ सालीं त्याचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. लिटरामागें इथेनॉलांत पेट्रोलापेक्षां सुमारें एक तृतीयांश उष्णता कमी. तेव्हां ‘ॲव्हरेज’ थोडें घटतें. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांतील रबर व धातूचे भाग या मिश्रणाला टिकतील असे केलेले आहेत. त्यापूर्वीची गाडी घेणाऱ्यानें पेट्रोलाच्या नळ्या आणि रबरी सील मिस्तरीकडून तपासून घ्यावे, व चिरलेले आढळल्यास बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा मागावा.

कोणती गाडी, याचें उत्तर मोहोळासारख्या गांवीं बरेंचसें मिस्तरीच ठरवितात. जिचे सुटे भाग तालुक्यांत, निदान सोलापुरांत, त्याच दिवशीं मिळतात ती बरी. त्या दृष्टीनें आल्टो व वॅगन-आर यांचें पारडें जड आहे. वृद्धांना वाकून आंत शिरण्याचा त्रास होत असेल तर उंच छपराची वॅगन-आर अधिक सोईची. टाटांची नॅनो २००९ पासून २०१८ पर्यंत रस्त्यावर आली. तिचें ६२४ घनसेंटिमीटरचें दोन सिलिंडरांचें इंजिन मागें असतें. गांवांतल्या गांवांत ती गुणी, हमरस्त्यावरील रोजच्या दौडीसाठीं नव्हे. डिझेलची गाडी फार फिरणाऱ्यालाच परवडते, कारण तिचें इंजेक्टर बिघडलें कीं वर्षभराची बचत एका दुरुस्तींत जाते. गॅसवर चालणारी घेतली तर टाकीची चाचणी तीन वर्षांच्या आंत झालेली आहे कीं नाहीं तें टाकीवरील पट्टीवर वाचावें.

आतां ज्या गोष्टीविषयीं घरांत सहसा बोलणें होत नाहीं ती. गाळपाच्या हंगामांत या रस्त्यांवर रात्रीं उसानें भरलेल्या ट्रॉल्या चालतात, आणि कित्येकींना मागें दिवा नसतो. २०१४ सालीं ग्लोबल एन्कॅप या संस्थेनें भारतांतील पांच लहान गाड्या टक्कर देऊन तपासल्या. आल्टो ८००, नॅनो आणि आय-१० त्यांत होत्या, व पांचांपैकीं एकीलाही प्रौढांच्या सुरक्षिततेसाठीं एक तारा मिळाला नाहीं. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठीं हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, सक्तीची झाली. चाकें न अडकतां ब्रेक लागण्याची ए. बी. एस. योजनाही त्याच वर्षीं आली. म्हणून रोज हमरस्त्यानें जाणाऱ्यानें शक्य तों त्यानंतरची गाडी शोधावी. तिच्यासाठीं तीस-चाळीस हजार अधिक द्यावे लागले, किंवा लिटरामागें दोन किलोमीटर कमी मिळाले, तरी तो सौदा महाग म्हणतां येणार नाहीं.

गाडी पाहावयास सकाळीं जावें आणि इंजिन आधीं तापवून ठेवूं नये असें बजावावें. थंड इंजिन सुरू होतांना निळा धूर निघाला तर तेल जळत आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाहीं तर पाणी आंत झिरपत असण्याचा संभव. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडी ‘तीस हजारच’ चालली म्हणतात आणि ब्रेकच्या पायपट्टीचें रबर गुळगुळीत झालेलें, हें जुळत नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेला महापूर आला व मोहोळ, माढा तालुक्यांतील गांवांत पाणी शिरलें. तेव्हांपासून येथें आणखी एक तपास आवश्यक झाला आहे: बसण्याच्या गाद्यांखालचे पत्रे, सुटें चाक ठेवण्याचा खळगा आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पट्ट्याच्या शेवटच्या वितींत चिखलाचा डाग सांपडला, तर गाडी पाण्यांत गेलेली आहे.

कागदपत्रांत चेसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशीं ताडून पाहावे. कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म, नांव बदलण्यासाठीं २९ व ३० नंबरचे फॉर्म. विक्रीची वर्दी विकणाऱ्यानें १४ दिवसांत आर. टी. ओ. स द्यावयाची असते. ‘मग करूं’ म्हणून तें राहतें, आणि अपघात झाल्यावर नोटीस जुन्या मालकाच्या दारीं येते. नोंदींत ज्याचें नांव तोच भरपाईला जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. घेणाऱ्यानें विमाही लगोलग आपल्या नांवावर करावा, नाहीं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. ‘नो क्लेम बोनस’ मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाहीं. पैसे देतांना थोडी रक्कम नांव बदलून येईपर्यंत हातीं राखण्याची बोली सौद्याच्या वेळींच करावी, व बॅटरी, तेल आणि टायर यांसाठीं दहा-पंधरा हजार वेगळे काढून ठेवावे.