बोलीचे दान नको, कष्टाचा दर हवा!

गोंडपिपरी तालुक्यातील कष्टकऱ्याला नगावरचे काम नवे नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की 70 पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी आणि शंभर पुड्यांना दर किती, हा हिशेब शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतो. फळीवर पुडे मोजून घेणारा मुन्शी कोणते पुडे बाजूला काढतो, याकडे आपल्या बायाबापड्यांचे बारीक लक्ष असते. पहाटे उठून जंगलात गेलेली बाई हजार पुड्यांचा आकडा ऐकून भुलत नाही. तो आकडा गाठायला किती दिवस मोडले, हे ती आधी विचारते.

आज त्याच नगावरच्या कामाने नवा वेष घेतला आहे. बी.ए., बी.कॉम. झालेली मुले-मुली घरी बसून, कानाला हेडफोन लावून, ध्वनिफितीतील बोलणे ऐकून ते शब्दशः टंकित करतात. याला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. मुलाखती, भाषणे, सर्वेक्षणातली उत्तरे, संगणकाला मराठी शिकवण्यासाठी जमा केलेली बोलणी, असा सगळा माल त्यात असतो. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन जिथे प्राणहिता होते, त्या टोकाच्या आमच्या तालुक्यात कारखाना नाही, नोकरी नाही, पण मोबाईल आणि नेट पोहोचले आहे. त्यामुळे हे काम बरे वाटते. आमच्याकडे येणारी मुले एकच प्रश्न विचारतात, “वकीलसाहेब, अमुक ठिकाणी मिनिटाला इतके देतात, तमुक ठिकाणी पानाला इतके. कोणते घ्यावे?”

प्रश्न साधा आहे, पण शिकलेल्या मुलांना त्याचे उत्तर सापडत नाही. तेंदू तोडणाऱ्या त्यांच्या आईला मात्र ते सापडले असते. म्हणून हा हिशेब आज मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

पहिली गोष्ट ही की, मिनिट कोणाचे? कंपनी ‘मिनिटाला अमुक रुपये’ म्हणते तेव्हा ते मिनिट ध्वनिफितीचे असते, आपल्या श्रमाचे नसते. एका तासाचे स्वच्छ बोलणे उतरवायला सरावलेल्या माणसालाही साधारण चार तास लागतात, असे या धंद्यात सर्वत्र मानले जाते. मागे ट्रॅक्टर चालू असेल, तिघे एकदम बोलत असतील, बोलणारा मराठीत तेलुगू किंवा गोंडी शब्द मिसळत असेल, तर वेळ दुप्पट झाला तरी नवल नाही.

समजा, एकाने मिनिटाला 8 रुपये सांगितले. म्हणजे एका तासाच्या फितीचे 480 रुपये. फीत स्वच्छ असेल आणि चार तासांत काम झाले तर आपल्या तासाला 120 रुपये पडले. तीच फीत आठ तास खात असेल तर 60 रुपये. त्यातून पाचवा हिस्सा ‘चुकीचा’ म्हणून नाकारला तर उरले 384 रुपये, म्हणजे तासाला 48. नेटचा पॅक, वीज आणि हेडफोन अजून वजा व्हायचे आहेत.

समजा, दुसऱ्याने पानाला 20 रुपये सांगितले. फितीतील तासाभरात 7,200 शब्द बोलले गेले आणि 240 शब्दांचे एक पान धरले, तर 30 पानांचे 600 रुपये होतात. आठ तासांना भागा, तासाला 75 रुपये पडले. पण कंपनीने 400 शब्दांचे पान धरले तर पाने भरतात 18, रुपये होतात 360 आणि तासाला पडतात 45! दर तोच, कष्ट तेच, फक्त पान लांबले. म्हणून दर विचारण्याआधी माप विचारा. मिनिट, पान, हजार शब्द, नग, काहीही असो, शेवटी त्याचे रूपांतर एकाच गोष्टीत करायचे: माझ्या एका तासाला हातात किती पडले?

मग तो आकडा कशाशी ताडून पाहायचा? 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांनी भागले तर तासाला 39 रुपये. पदवीधर मुलीने डोळे आणि कान झिजवून तासाला 45 रुपये मिळवले, तर ती मातीकामाच्या मजुरीपेक्षा सहा रुपयेच वर गेली. मातीकाम हलके असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, रोजगार हमीत एक शहाणपण आहे. तिथेही काम मापावर असते, पण साध्या ताकदीच्या माणसाने दिवसभर काम केले तर ठरलेली मजुरी त्याच्या हातात पडली पाहिजे, असा दर काढावा लागतो. त्यासाठी प्रत्यक्ष काम आणि वेळ मोजण्याची पद्धत आहे. खोदकामाची जमीन कठीण असेल तर दर वेगळा. मग फीत कठीण असेल तर दर वेगळा का नाही?

बाहेरच्या जगात काय चालले आहे, तेही पाहावे. अमेरिकेतील ‘रेव्ह’ या कंपनीने नोव्हेंबर 2019 मध्ये ध्वनिलेखनाचा किमान दर फितीच्या मिनिटाला 45 सेंटवरून 30 सेंटवर आणला, तेव्हा तिथल्या कामगारांनी उघड निषेध केला. 30 सेंटने एका तासाच्या फितीचे 18 डॉलर होतात. त्याला चार तास लागले तर तासाला साडेचार डॉलर, आणि त्या देशाचे संघीय किमान वेतन 2009 पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. म्हणजे श्रीमंत देशातही घरी बसून काम करणारा किमान वेतनाच्या खाली ढकलला जातो. केनियात यंत्राला शिकवण्यासाठी मजकूर तपासणाऱ्या कामगारांना तासाला दोन डॉलरहूनही कमी मिळत होते, हे ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी 2023 मध्ये जगापुढे आणले. त्याच नियतकालिकाने त्याच वर्षी बंगळुरूच्या ‘कार्य’ या संस्थेची हकीकत छापली. कर्नाटकातील खेड्यांतील लोकांना मोबाईलवर कन्नड वाचून ध्वनिमुद्रित करण्यासाठी ही संस्था तासाला सुमारे पाच डॉलर, म्हणजे 400 रुपयांच्या आसपास देत होती. खेड्यातल्या माणसाला जास्त दिला तर धंदा बुडतो, हे म्हणणे किती पोकळ आहे, ते यावरून दिसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या मदतीने ‘वाणी’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. जिल्ह्याजिल्ह्यातील लोकांचे बोलणे जमा करायचे, त्यातील काही भाग लिहून काढायचा आणि त्यावर यंत्रांना शिकवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. सुरुवातीच्या जिल्ह्यांतच चंद्रपूरचे नाव आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ योजनेत ‘भाषादान’ नावाचा उपक्रम आहे. तिथे नागरिकांनी स्वेच्छेने आपला आवाज द्यावा, ऐकलेले लिहून द्यावे, असे आवाहन आहे. आपली भाषा यंत्रात यावी, शेतकऱ्याला मोबाईलवर आपल्या बोलीत उत्तर मिळावे, हे आम्हालाही हवे आहे. ज्याला सवड आहे त्याने खुशाल दान करावे. पण ‘दान’ या शब्दापाशी आम्ही थबकतो. ज्यांच्या बापजाद्यांनी गावाची येसकरकी केली, सांगावे पोहोचवले, सरकारी टपाल वाहिले आणि बदल्यात भाकर मागून खाल्ली, त्यांना दर नसलेल्या कामाची ओळख आहे. त्या कामाला तास नव्हते, माप नव्हते, मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर होता. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच कारणासाठी. काम करायचे तर त्याचा ठरलेला दर हवा, आणि तो मागण्याचा हक्क हवा.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी एप्रिल 1946 मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्याचा कायदा 1948 साली झाला. या कायद्याच्या पहिल्याच यादीत विडीचे काम होते. ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत दुसऱ्याने दिलेला माल आपल्या घरी बसून तयार करून देणारा माणूसही घातला होता. घरात बसून काम केले म्हणून मजूर मजूर राहत नाही, हा युक्तिवाद त्या व्याख्येने मोडीत काढला. 1966 च्या विडी कामगार कायद्याने तेच पुढे नेले. त्याखालच्या नियमांत मालक छाट म्हणून किती विड्या फेकू शकतो, त्याला साधारणपणे शेकडा 5 ची मर्यादा आली. विडी मालक भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण 1974 साली मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात कायदा टिकला.

21 नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे चार संहितांत विलीन झाले आहेत. वेतन संहितेत नगावर काम करणाऱ्याला किमान वेळ-दरापेक्षा कमी देता येत नाही, ही तरतूद कायम आहे. पण घरी माल नेणाऱ्या कामगाराचा जुन्या व्याख्येतील स्पष्ट उल्लेख नव्या व्याख्येत नाही. ‘गृहाधारित कामगार’ हा शब्द सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तिथे नोंदणी आणि योजना आहेत, दराची हमी नाही. घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. ‘सेवा’सारख्या भारतीय संघटनेने त्यासाठी झटून प्रयत्न केले. पण भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. हा घाव कोणावर बसतो, हे वेगळे सांगायला नको.

तरीही हात बांधलेले नाहीत. कंपन्या करारात ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असे लिहून घेतात. पण 1973 साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात नगावर शिवणाऱ्या शिंप्यांना सर्वोच्च न्यायालयाने कामगार ठरवले, आणि काम नाकारण्याचा, पुन्हा करून घेण्याचा मालकाचा अधिकार हीच नियंत्रणाची खूण मानली. जो तुमची फाईल नाकारतो, तो तुमचा मालक नाही असे कसे म्हणेल? 1982 साली आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या कलम 23 ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. पोटाची निकड हीसुद्धा सक्तीच. हे निवाडे नव्या संहितांच्या काळातही आपल्या हाती आहेत.

नाकारण्याचा प्रश्न आमच्या भागात अधिक बोचरा आहे. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्या जागी ‘र’ येतो. म्हातारी ‘डोरा’ म्हणाली आणि मुलीने ‘डोरा’ लिहिले, तर शहरात बसलेला तपासनीस ती चूक धरतो. ‘डोळा’ लिहिले तर ‘जसे बोलले तसे लिहिले नाही’ म्हणून चूक धरतो. दोन्हीकडून पैसे कापायला वाव! डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचून ज्या बोलीला मान मिळवून दिला, ती बोली जाणणे हे कौशल्य आहे. त्याला जादा दर मिळाला पाहिजे, दंड नव्हे. फेब्रुवारी 2023 मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने यंत्राकडून थेट ध्वनिलेखन सुरू केले. यंत्र कच्चा मसुदा काढते आणि माणूस दुरुस्त करतो, म्हणून ‘फक्त दुरुस्ती’चा दर कमी, अशी पद्धत आता रूढ होत आहे. पण आमच्या बोलीत यंत्राने घातलेला गोंधळ निस्तरायला कोऱ्या पानापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर कमी दर कशाचा?

आणखी एक इशारा. ‘घरबसल्या टायपिंग’च्या नावाने आधी नोंदणी फी घेणारे, मग अशक्य अचूकतेची अट घालणारे आणि शेवटी ‘करार मोडला, इतके हजार भरा’ अशी नोटीस पाठवणारे टोळके फिरत आहे. अशा नोटिशी घेऊन मुले घाबरून आमच्याकडे येतात. ध्यानात ठेवा, वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम जशीच्या तशी वसूल होत नसते, वाजवी भरपाईच मिळते. आणि काम देण्यासाठी जो पैसे मागतो, तो काम देणारा नसतोच. त्याला एक रुपयाही देऊ नका. दिला असेल तर पोलिसांत सायबर तक्रार करा.

मग करायचे काय? दर, माप आणि पैसे देण्याची तारीख लेखी घ्या. पहिल्या तीन फाईलींना घड्याळ लावा आणि वहीत वेळ लिहा. परीक्षेच्या नावाने फुकट काम करू नका. नाकारलेली फाईल कारणासह परत मागा, कारण पैसे कापून तीच फाईल वापरणे ही चोरी आहे. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकेकटे दर ठरवू नका. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक तिच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातील कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः केला. ठेकेदार तोच होता, पाने तीच होती, पण समोर एकटी बाई नव्हती, गाव होते.

तालुक्यातील दहा मुला-मुलींनी विहारात एका रविवारी एकत्र बसून आपापल्या वह्या समोर ठेवाव्यात. कोण तासाला किती देतो, कोण किती कापतो, याचा एक तक्ता तयार होईल. तो तक्ता हीच तुमची संघटनेची पहिली पावती. त्याखाली सर्वांनी मिळून एक आकडा लिहावा, यापेक्षा कमी दराने आम्ही कोणीही काम घेणार नाही. बोलणे आमचे, कान आमचे, कष्ट आमचे. मग दर ठरवताना आम्ही गैरहजर का राहावे?