ड्रम सुरात लागत नाही? आधी काठ तपासा

मंडळाच्या वाद्यवृंदाचा पाच नगांचा ड्रमसेट ठेवावा की मोडीत काढावा, हा विषय कार्यकारिणीपुढे आला तेव्हा तक्रार एकच होती: टॉम काही केल्या सुरात लागत नाहीत. नवी पाने घातली तरी फरक नाही. एका स्क्रूपाशी ताण दिला की समोर सुरकुती पडते, आणि काडी मारली की आवाज उमटतो न उमटतो तोच विझतो. सेट जुना, तेव्हा लाकूडच मेले असणार, असे बहुतेकांचे मत पडले. संगीत विभागाने सेट पूर्ण सोडवून पाहिला. लाकूड ठणठणीत होते, दोष काठात होता. असे सेट इतर मंडळांत आणि सभासदांच्या माळ्यावरही पडून असतील, म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत.

ड्रमचे पान शेलच्या ज्या कडेवर टेकते, तो हा काठ. पानाचे कंपन इथूनच लाकडात उतरते. तबल्याची पुडी बदलताना जाणता कारागीर खोडाच्या काठावरून बोट फिरवून पाहतो, त्यामागे हेच कारण. काठ एका पातळीत नसेल तर पान काही ठिकाणी घट्ट बसते, काही ठिकाणी अधांतरी राहते. मग किल्ली कितीही फिरवा, प्रत्येक स्क्रूपाशी सूर वेगळाच.

काठाची पातळी आणि काठाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बरेच जण इथे गल्लत करतात. पातळी बिघडली तर तो दोष. आकार हा मात्र आवडीचा भाग. पूर्वी ड्रमवर वासराचे कातडे असे. १९५७च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली यांनी प्लास्टिकची, म्हणजे मायलारची पाने बाजारात आणली. त्या काळच्या अनेक ड्रमचे काठ गोलसर असत. गोल काठावर पान रुंद टेकते, त्यामुळे आवाज मऊ, भरदार आणि लवकर थांबणारा. पुढे ४५ अंशांचा धारदार काठ रूढ झाला. त्याच्या टोकावर पान जेमतेम टेकते, म्हणून आवाज मोकळा, टोकदार आणि लांबणारा. दोन्हींत चांगले-वाईट काही नाही. मराठी भावगीतांच्या साथीला आम्हाला गोल काठच बरा वाटतो, मंडळातल्या तरुणांचे मत अर्थातच उलट आहे!

तपासणी सोपी आहे. दोन्ही पाने काढा. टेबलावर दहा-बारा मिलिमीटर जाडीची सपाट काच ठेवा. (ओट्याचा ग्रॅनाइट दिसतो सपाट, पण त्यावर भरवसा ठेवू नका.) शेल काचेवर उभे करून आत टॉर्च लावा आणि खोलीत अंधार करा. काठाखालून उजेडाची रेघ दिसली, तर तिथे खळगा आहे. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तो फटीत सहज सरकला, तर काम करायलाच हवे. आमच्या १२ इंची टॉममध्ये एका जागी घडी केलेला कागद आरामात गेला.

आता शेलचा व्यास आडवा आणि उभा मोजा. मापांत फरक असेल तर शेल लंबगोल झाले आहे, आणि काठ कापून ते दुरुस्त होत नाही. पान हाताने सैल गोल फिरते का, तेही पाहा. बाहेरचे वेष्टन फुगून पान अडकत असेल, तर लाकडाला हात लावायचे कारणच नाही.

पातळी घरीही करता येते. काचेवर १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा, काठावर पेन्सिलीने सगळीकडे खुणा करायच्या आणि शेल हलक्या हाताने गोल गोल घासायचे. थोड्या थोड्या वेळाने ते पाव वळण फिरवून धरायचे, नाहीतर हाताचा जोर एकाच बाजूला पडतो. सगळ्या खुणा पुसल्या की पातळी झाली. तोंडाला मास्क हवाच.

घासल्यावर काठाचे टोक चपटे होते, ते पुन्हा उतरते करण्यासाठी टेबलाला जोडलेले राउटर मशीन आणि ४५ अंशांचे बेअरिंगवाले बिट लागते. हे काम आम्ही फर्निचरच्या सुताराकडून करून घेतले. त्यांना दोनच गोष्टी सांगाव्या लागल्या: एका फेरीत अगदी थोडे लाकूड काढा, आणि टोकाची उंची कमी करू नका. शेल बिटच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवायचे, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक होते. हाताने, रंध्याने किंवा कानशीने हे करायला जाऊ नये. शेवटी ३२० नंबरचा पेपर आणि मेणबत्तीचे थोडे मेण.

स्नेअरच्या खालच्या काठाबाबत मात्र सावध राहा. तिथे समोरासमोर दोन ठिकाणी उथळ उतार असतो. तो तारांसाठी मुद्दाम दिलेला असतो. दोष समजून कोणी तो घासून सपाट केला, तर तारा पानाला नीट चिकटत नाहीत आणि स्नेअर कायमचा खरखरतो. आम्ही तो काठ शिवलाही नाही.

१६ इंची फ्लोअर टॉमचा काठ मुळात गोल होता. तोही ४५ अंशांचा करावा असा आग्रह झाला, पण कापलेले लाकूड परत येत नाही, म्हणून फक्त पातळी केली. १२ इंची टॉम आता प्रत्येक स्क्रूपाशी एकाच सुरात बोलतो. १३ इंची शेल किंचित लंबगोल निघाले. ते सुधारले, पण पूर्ण नाही. त्यावर दुपदरी पान घालून चालवून घेत आहोत. सेट मोडीत काढण्याचा विषय कार्यकारिणीने मागे घेतला आहे.

हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत फुगलेले लाकूड घासून सपाट केले, तर हवा कोरडी झाल्यावर पातळी पुन्हा बिघडू शकते. आम्ही दिवाळीनंतर, शेल आठवडाभर खोलीत उघडी ठेवून मगच कामाला हात घातला.