काट्याचा नायटा : पायांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

माझे एक काका निवृत्त शिक्षक. मधुमेह पंधरा वर्षांचा, पण गोळ्या वेळेवर आणि संध्याकाळचा फेरफटका कधी चुकला नाही. एकदा फिरून आल्यावर काकूंना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, दारापासून थेट आरामखुर्चीपर्यंत. चप्पल उलटी करून पाहिली, तर तळातून बारीक खिळा आरपार वर आलेला. काका तीच चप्पल घालून घरी चालत आले होते आणि निवांत पेपर वाचत बसले होते. “मला तर काहीच दुखलं नाही,” ते म्हणाले. डॉक्टरांनी जखम शांतपणे पाहिली. कपाळाला आठ्या पडल्या त्या हे वाक्य ऐकून.

पायाच्या बाबतीत आपला हिशेब साधा असतो : दुखलं तर बघू. एका पावलात २६ हाडं असतात आणि दिवसभर सगळ्या अंगाचा भार त्यांच्यावर असतो, पण त्यांच्याकडे लक्ष जातं ते कळ आल्यावरच. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. जीव नकोसा करणारी काही दुखणी घरच्या घरी बरी होतात, आणि अजिबात न दुखणारी एखादी जखम बोट घेऊन जाते. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही समज एकेक करून तपासू.

गैरसमज : कुरूपाला मूळ असतं. ते खणून काढलं किंवा डागलं की पुन्हा येत नाही.

वस्तुस्थिती : कुरूप म्हणजे सतत दाब किंवा घासणी होते त्या जागी घट्ट झालेली मेलेली कातडी. तिचं टोक आत रुतल्यामुळे खडा टोचल्यासारखं वाटतं, पण मूळ वगैरे काही नसतं. घट्ट बूट किंवा वाकडं बोट तसंच राहिलं, तर कितीही वेळा कापलं तरी कुरूप परत येणारच. आधी दाब काढायचा. पुढे रुंद असलेलं मऊ तळाचं पादत्राण घ्यायचं, आंघोळीनंतर मऊ पडलेली कातडी वज्रीने हलकेच घासायची. एवढ्यावर बहुतेक कुरपं शांत होतात.

बिब्ब्याचा चटका मात्र देऊ नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि कुरपापेक्षा मोठी जखम हाती उरते. औषधाच्या दुकानातल्या कुरपाच्या पट्टीत सॅलिसिलिक ऍसिड असतं. ते कडक कातडी विरघळवतं, पण शेजारची चांगली कातडी ओळखत नाही. मधुमेहींनी ती पट्टी लावूच नये.

तळपायावरचा प्रत्येक टणक ठिपका कुरूपच असतो असंही नाही. वरून दाबल्यावर जास्त दुखलं तर बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं आणि आत मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले, तर बहुधा चामखीळ. ती विषाणूमुळे होते, पसरते, आणि तिचे उपचार वेगळे असतात.

गैरसमज : टाचांना भेगा पडल्या म्हणजे कॅल्शियम कमी झालं.

वस्तुस्थिती : भेगांचं कारण बहुतेक वेळा कातडीतच असतं. टाचेच्या कातडीत तेलग्रंथी नसतात. अनवाणी चालणं, मागून उघड्या चपला, तासन्‌तास उभं राहणं, कोरडी हवा यांनी ती जाड आणि कोरडी होते. वजन पडलं की टाच बाजूंना पसरते आणि कातडी तडकते. रात्री पाय धुऊन, पुसून, थोडे दमट असतानाच युरिया असलेलं मलम किंवा व्हॅसलीन लावावं आणि सुती मोजे घालून झोपावं. कोकणात यासाठी कोकमाच्या बियांचं मुठेल वापरतात. तेही याच तत्त्वावर काम करतं : स्निग्ध थर पाणी उडू देत नाही. भेगेतून रक्त किंवा पू येऊ लागला, किंवा खाज आणि खपल्या असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. सोरायसिस आणि बुरशीही भेगांच्या रूपात येतात.

गैरसमज : चिखल्या पावसाळ्यात व्हायच्याच. कुठलंही खाजेचं मलम चालतं.

वस्तुस्थिती : लावणीचे दिवस असोत की मुंबईतले भिजलेले बूट, बोटांच्या बेचक्यात पाणी राहिलं की कातडी पांढरी, फुगीर होते आणि तिथे बुरशी व जंतू घर करतात. अर्धा इलाज टॉवेलाच्या टोकात आहे : प्रत्येक बेचकं वेगळं पुसायचं, करंगळीशेजारचं विसरायचं नाही. बुरशीचं मलम लावल्यावर खाज चार दिवसांत थांबते, पण मलम तेव्हाच थांबवलं तर बुरशी परत येते. सांगितलेली मुदत पुरी करा.

खरा धोका आहे तो स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा. दुकानदाराने दिलेली नळी दोन दिवसांत आराम देते, कारण स्टेरॉइड लाली दाबतं. बुरशी मात्र खाली पसरत राहते. गेली काही वर्षं आपल्याकडे औषधाला दाद न देणाऱ्या नायट्यांचं जे पेव फुटलंय, त्यामागचं एक मोठं कारण त्वचारोगतज्ज्ञ हेच सांगतात. आणखी एक गोष्ट : चिखल्यांची चीर हे जंतूंना उघडं दार असतं. पाय लाल, गरम होऊन सूज वर चढू लागली आणि ताप आला, तर ती चिखल्यांची गोष्ट राहिली नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गैरसमज : नख रुतत असेल तर कोपरा खोल कापावा.

वस्तुस्थिती : याच कापण्याने नख जास्त रुततं. कोपऱ्यात राहिलेलं बारीक कुसळ नख वाढताना मांसात भाल्यासारखं घुसतं. पायाची नखं सरळ रेषेत, बोटाच्या टोकाबरोबर कापावीत. सुरुवातीला कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून, कोपऱ्याखाली कापसाची अगदी बारीक वात सरकवली तर पुष्कळदा भागतं. पू, फुगलेलं लाल मांस किंवा ठणका असेल, तर डॉक्टर बोट बधिर करून नखाची फक्त ती कड काढतात. काम थोड्या वेळाचं असतं आणि पूर्ण नख काढण्याची गरज सहसा पडत नाही.

पिवळं, जाड, भुसभुशीत झालेलं नख बुरशीचं असू शकतं. तिथे घाई चालत नाही. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे अंगठ्याला नवं कोरं नख यायला १२ ते १८ महिने लागतात. गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा.

गैरसमज : टाच दुखते म्हणजे हाड वाढलंय, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती : सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं की टाचेतून कळ निघते, चार पावलांनी ओसरते. हे दुखणं बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या जाड पडद्याचं असतं. एक्स-रेमध्ये दिसणारा हाडाचा काटा कित्येक न दुखणाऱ्या टाचांतही असतो, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. पाय जमिनीला टेकण्याआधीच बसल्या बसल्या बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची, दहा वेळा. असं दिवसातून तीनदा. पोटरीचेही ताण द्यायचे आणि स्वयंपाकघराच्या कडक फरशीवर मऊ चप्पल घालायची. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात जातं. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं.

गैरसमज : अंगठा सुजला? युरिक ऍसिड. डाळी, पालक, टोमॅटो बंद!

वस्तुस्थिती : रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नसेल, तर तो गाउट असू शकतो. पण ऐन दुखण्यात रक्तातलं युरिक ऍसिड प्रमाणात आलेलं दिसू शकतं, आणि नुसतं वाढलेलं युरिक ऍसिड म्हणजे गाउट नव्हे. डाळी आणि पालेभाज्यांनी गाउटचा धोका वाढल्याचं मोठ्या पाहण्यांत आढळलेलं नाही. दारू (त्यातही बिअर), कलेजी-भेज्यासारखं मांस आणि साखरेची थंड पेयं यांचा संबंध मात्र पक्का आहे. गाउटच्या भीतीने वरण सोडण्यात शहाणपण नाही.

गैरसमज : खिळा गंजका नव्हता, मग धनुर्वाताची भीती नाही.

वस्तुस्थिती : धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. चकचकीत खिळ्यावर आणि बाभळीच्या काट्यावरही असू शकतात. उलट, प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन लागतं असंही नाही. लहानपणीच्या लसी पूर्ण झालेल्या असतील, तर मातीने भरलेल्या किंवा खोल जखमेला शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असल्यास लस घेतात. स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षं. शेवटचा डोस कधी झाला हेच आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. बुटातून आरपार गेलेला खिळा रबराचा कपटा आत सोडून जाऊ शकतो. अशी जखम वरून मिटते आणि आतून चिघळते, म्हणून ती दाखवायलाच हवी.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात महागात पडणारा समज. भारतातच जन्मलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर वर्षानुवर्षं काम केलं. तेव्हा समजूत अशी होती की या रोगात बोटं सडून गळतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग नसा बधिर करतो आणि बोटं जातात ती न जाणवलेल्या जखमांमुळे. काही रुग्णांची बोटं रात्री उंदीर कुरतडत आणि त्यांना जाग येत नसे. मग रुग्णांच्या सोबतीला मांजरं देण्यात आली. वेदना हा पहारेकरी आहे, हे ब्रँड यांनी आयुष्यभर सांगितलं.

मधुमेहात अनेक वर्षांनी पायांच्या नसांचं हेच होतं. एप्रिलमधली देवळाची तापलेली फरशी, चपलेतला खडा, गरम पाण्याची पिशवी, काहीच जाणवत नाही. म्हणून मधुमेहींनी पाय शेकू नयेत, पाणी कोपराने तपासावं, घरातही चप्पल घालावी. अंगठ्याच्या पट्ट्याची चप्पल बेचक्यात घासते, त्यापेक्षा मागून पट्टा असलेली बरी. पायात घालण्याआधी ती झटकावी. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून दहा ग्रॅमच्या नायलॉन धाग्याची चाचणी करून घ्यावी. धागा तळव्याला टेकवून जाणीव शिल्लक आहे का ते पाहतात. काही मिनिटांचं काम. आणि मधुमेह्याचा पाय जखमेशिवाय, फारसा न दुखता गरम आणि सुजलेला दिसला, तर तो मुरगळला म्हणून तेल चोळू नका. आत हाडं खचत असू शकतात.

मग डॉक्टरांकडे कधी?

त्याच दिवशी : मधुमेहींच्या पायाला कुठलीही जखम, फोड किंवा रंगबदल, बोट काळं-निळं किंवा थंडगार पडणं, लाली वर चढणं आणि ताप, एकाच पोटरीला अचानक सूज, पडल्यावर पाय टेकवता न येणं.

आठवड्याभरात : दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पायांत मुंग्या किंवा जळजळ, तळव्यावर किंवा नखाखाली नवा, वाढता काळा डाग, चालताना पोटरीत येणारा आणि थांबल्यावर जाणारा गोळा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने या गोळ्याला वात म्हणून सोडून देऊ नये. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात आणि तरुण माणसांचीही बोटं जातात.

काकांचा पाय दोन महिन्यांनी बरा झाला, कारण काकूंना ठसे दिसले. आता त्यांच्या पलंगाशी एक हातआरसा असतो आणि रोज रात्री ते दोन्ही तळवे त्यात पाहतात. एक मिनिट लागतं. काट्याचा नायटा होतो तो काटा दिसला नाही म्हणून. आज झोपण्याआधी आपले तळवे एकदा पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाकता येत नसेल, तर त्यांचेही तुम्हीच पाहा.