व्हिडिओ धूसर का येतो?

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एका कुंडीत वाटाणा लावला होता. ही १९१२ सालची गोष्ट. लंडनहून आणलेला कॅमेरा कुंडीसमोर पक्का बसवून त्यांनी एकेक चित्र घेत रोपाची महिनाभराची वाढ टिपली. पडद्यावर ती मिनिटभरात उलगडली. ती पाहून चित्रपटासाठी कर्ज द्यायला माणसे तयार झाली. कॅमेरा मध्येच हलला असता, तर वाढणाऱ्या रोपाऐवजी नाचणारे रोप दिसले असते.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि कधी कधी त्यावर उपचारही अवलंबून असतात. घरात कुणाला फिट येते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत रुग्ण सावरलेला असतो. मग डॉक्टरांना त्या क्षणी काय झाले, ते फक्त व्हिडिओ सांगू शकतो. पण तो अंधूक, हललेला असेल, तर डोळे कुठे वळले, कोणता हात आधी आखडला, हे कळतच नाही.

फोन चांगला असूनही असे का होते? फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे २१ लाख बिंदू असतात. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर कच्ची माहिती होते सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट. फोन त्यातली साधारण दोनच मेगाबाइट साठवतो. हे कसे जमते? तो एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत काय बदलले, तेवढेच नोंदवतो. मागची भिंत जागच्या जागी असेल, तर ती पुन्हा लिहावी लागत नाही.

हा शिधा ठरलेला असतो आणि दोन गोष्टी तो फुकट खातात. पहिली, अंधार. कमी उजेडात चित्रावर बारीक कण उमटतात आणि ते प्रत्येक चित्रात वेगळे असतात. फोनला तेही 'बदल' वाटतात. दुसरी, हलणारा हात. त्याने सगळी चौकटच बदलते. मग चेहऱ्याच्या वाट्याला माहिती उरत नाही आणि तिथे चौकोनी ठिपके दिसू लागतात.

म्हणून उजेड आणि स्थिरता आधी सांभाळा. खिडकी किंवा दिवा चित्रीकरण करणाऱ्याच्या पाठीशी हवा, रुग्णाच्या मागे नको. फाळक्यांच्या चित्रीकरणात सरस्वतीबाई उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवत असत. घरात खोलीतले सगळे दिवे लावले तरी मोठा फरक पडतो. भिंग मऊ कापडाने पुसा, कोपर टेबलाला किंवा छातीला टेकवा. झूम करण्याऐवजी दोन पावले जवळ जा, कारण बहुतेक फोनमध्ये झूम म्हणजे चित्राचा तुकडा कापून मोठा करणे.

व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसले, तर फोन बिघडला असे समजू नका. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या ३० चित्रांशी त्याचा मेळ बसत नाही. सेटिंगमध्ये २५ चित्रांचा पर्याय असेल, तर तो निवडा.

मात्र फिट आली असताना आधी माणूस, मग कॅमेरा. रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर लगेच रुग्णालय गाठा. चित्रीकरण दुसऱ्याने करावे: फोन आडवा, आधी पूर्ण शरीर, मग चेहरा आणि डोळे. मध्ये थांबवू नका. फिट थांबल्यावर रुग्ण हाकेला कसा प्रतिसाद देतो, तेही येऊ द्या.

पाठवतानाही चित्र बिघडते. मेसेजमधून व्हिडिओ म्हणून पाठवला, की तो पुन्हा दाबून लहान केला जातो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा फोनच डॉक्टरांना दाखवा. चित्र 'स्पष्ट' करून देणाऱ्या अॅपमधून तो काढू नका. कॅमेऱ्याने न टिपलेली पापणी ते अॅप अंदाजाने रंगवते. लग्नाच्या व्हिडिओत ते चालेल, निदानात नाही.

आणि मूळ फाइल पुसू नका. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. तीही १९१७ मध्ये नव्याने केलेल्या चित्रपटातली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. आज कितीही चांगले तंत्र वापरले, तरी मधली दोन रिळे त्यातून परत येणार नाहीत.