ओली फरशी आणि सावधानतेचा फलक

पावसाळा सुरू झाला की आपल्या हुबळी-धारवाडच्या पेठेत दुकानाच्या उंबरठ्यापाशी घसरून पडण्याचे प्रसंग वाढू लागतात. दोष केवळ पावसाचा नव्हे. जुन्या दुकानांतील शहाबादी फरशी किंचित खडबडीत असल्याने ओल्या पायालाही धरून ठेवीत असे. आता दुर्गदबैल काय किंवा कोप्पीकर रस्ता काय, पुष्कळ दुकानांतून गुळगुळीत टाइल्स आल्या आहेत. आरशासारखी फरशी ही दुकानाची शोभा खरी. परंतु तिच्यावर पाण्याचा पातळ थर साचला म्हणजे पादत्राणाचा तळ फरशीला नीट टेकतच नाही, पाऊल पाण्यावरून सरकते. त्यात काळ्या मातीचा चिखल गिऱ्हाइकांच्या चपलांबरोबर आत येतो. तेला-तुपाच्या दुकानाविषयी तर बोलावयासच नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. हा आकडा सर्व प्रकारच्या पडण्याचा आहे; तथापि त्यात साठीपलीकडील व्यक्तींचा भरणा सर्वाधिक आहे, ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर कित्येक महिने अंथरूण सुटत नाही.

यास्तव पिवळा घडीचा फलक आता अनेकांनी आणून ठेवला आहे. पिवळ्या त्रिकोणात घसरणाऱ्या माणसाची काळी आकृती, ही खूण आंतरराष्ट्रीय मानक ७०१० मध्ये समाविष्ट आहे. आपल्या पेठेत कन्नड, मराठी, मारवाडी, गुजराती, हिंदी अशा नाना भाषा बोलणारे येतात, अक्षरओळख नसलेले खेडूतही येतात. म्हणून चित्र हवेच. त्याखाली कन्नडमध्ये ‘नेल जारुत्तदे’ एवढे दोन शब्द असावेत.

परंतु फलक असणे निराळे आणि तो कामास येणे निराळे. पुष्कळ ठिकाणी तो बारमाही एकाच कोपऱ्यात उभा असतो, फरशी कोरडी ठणठणीत असली तरी! व्यापाऱ्याच्या हुंडीप्रमाणे फलकाचीही पत असते. चार वेळा कोरड्या जागी दिसलेल्या फलकाकडे पाचव्या वेळी कोणी पाहत नाही, आणि नेमके तेव्हाच तेथे पाणी असते. म्हणून पाणी टाकण्यापूर्वी फलक मांडावा व फरशी सुकताच उचलावा. तो ओल्या जागेच्या मध्यभागी नव्हे, तर येणाऱ्यास चार पावले आधी दिसेल असा ठेवावा. जिन्यावर वरच्या व खालच्या, दोन्ही टोकांस हवा. पावसाळी दमट हवेत फरशी लवकर सुकत नाही. तेव्हा एका वेळी अर्धीच पुसून उरलेली अर्धी वाट कोरडी राखणे व पंखा चालू ठेवणे श्रेयस्कर. दारातील गोणपाटाविषयी मात्र आमचे मत प्रतिकूल आहे. ते चिंब भिजले की गुळगुळीत टाइलवर स्वतःच सरकते. भिजलेले गोणपाट वरचेवर बदलणे ज्यांना जमत नसेल, त्यांनी खाली रबर असलेले जाड पायपुसणे वापरावे.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानातून सुटते. पाठीवर पोते घेऊन वाकून चालणाऱ्या हमालास फलक दिसत नाही, आणि दिसला तरी ओझ्यासह त्यास वाट बदलता येत नाही. त्याच्यासाठी फलक निरुपयोगी होय. त्याची वाट कोरडीच पाहिजे. कामावर असता इजा झालेल्या कामगारास मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यानेच घालून दिले. १९४८ च्या कारखाना कायद्यातही १९७६ च्या दुरुस्तीने, जमीन व जिने घसरण होईल अशा पदार्थांपासून मुक्त ठेवावेत, असे स्पष्ट घालण्यात आले होते. तेथे भर पाटी लावण्यावर नव्हता, जमीन स्वच्छ राखण्यावर होता. तेव्हा माल उतरण्याची वेळ व फरशी धुण्याची वेळ एकत्र येऊ देऊ नये. गाडी दाराशी लागली असेल तर बादली तासभर बाजूला ठेवावी.