सोने-चांदीच्या अणूंचे समान माप

सारख्याच आकारमानाचे सोने व चांदी तराजूत ठेवल्यास सोन्याचे पारडे झुकते. चांदीची घनता 10.5, तर सोन्याची 19.3. साहजिकच सोन्याचा अणू मोठा असावा, असे वाटते. वस्तुतः दोन्ही धातूंत अणूची त्रिज्या सुमारे 144 पिकोमीटरच भरते. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग.

आवर्तसारणीत चांदीचा अणुक्रमांक 47. त्याच गटात तिच्या खालोखाल 79 क्रमांकाचे सोने. आडव्या ओळीत पुढे जावे तसे केंद्रकातील प्रोटॉन वाढतात, इलेक्ट्रॉन आत ओढले जातात व अणू सर्वसाधारणपणे आकसतो. खालच्या ओळीत उतरताच नवे कवच चढते व अणू विस्तारतो. मग सोने अपवाद का?

याचे उत्तर सोन्याच्या आधी येणाऱ्या लॅन्थॅनाइड मूलद्रव्यांत आहे. तेथे 14 इलेक्ट्रॉन आतल्या उपकवचात भरतात. परंतु केंद्रकाची ओढ रोखण्यास त्यांचा पडदा विरळ ठरतो. नव्या कवचाची जमा या आकसण्याच्या नावे खर्ची पडते. गोल्डश्मिट यांनी 1925 मध्ये यास ‘लॅन्थॅनाइड आकुंचन’ म्हटले. सोन्यातील अतिवेगवान इलेक्ट्रॉनही त्यात भर घालतात.

म्हणूनच चांदी सोन्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. मात्र जागा तेवढीच व्यापूनही तिचा अणू हलका. त्यामुळे भरीव दागिना हवेत व पाण्यात तोलला, की घटलेली घनता भेसळ उघड करते. माप सारखे असले, तरी वजन खरे बोलते.